लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर मध्येच काळा होतो, तीन सेकंदांनी परत येतो, कुठून तपासायला सुरुवात करू?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी, मी अकोल्याला घरूनच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखादी स्मरणिका. दिवाळीत २७ इंची ४के मॉनिटर घेतला कारण लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर रफार आणि अनुस्वार सुटायला लागले होते, आणि लग्नपत्रिकेत अनुस्वार सुटला की काय होतं ते मी सांगायला नको. टेबल अरुंद आहे म्हणून लॅपटॉप बाजूच्या फडताळात ठेवते आणि तिथून ५ मीटरची एचडीएमआय केबल भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत आणलीय.

दोन महिने सगळं छान चाललं. संक्रांतीनंतर हे सुरू झालं. काम करता करता मॉनिटर एकदम काळा होतो, दोन-तीन सेकंद तसाच राहतो आणि मग जिथे होतं तिथून परत दिसायला लागतं, फाइल वगैरे काही बंद होत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा तरी होतंच. कधी एका तासात तीनदा आणि मग दुपारभर एकदाही नाही, काही ताळमेळच लागत नाही.

मी काय काय केलं : केबल दोन्हीकडून काढून परत घट्ट लावली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन टाकला, विंडोज अपडेट केलं, स्क्रीन बंद होण्याची वेळ "कधीच नाही" केली. काहीही फरक नाही. ज्या दुकानातून घेतला तिथे विचारलं तर ते म्हणाले पॅनल जात असेल, कंपनीकडे पाठवावा लागेल, तीन आठवडे लागतील. आता लग्नसराई आणि परीक्षा दोन्ही तोंडावर, तीन आठवडे मॉनिटर दिला तर मी काम कसं करू? खरंच पॅनल गेलंय का हे घरी कळायचा काही मार्ग आहे का? प्लीज सांगा, रोज धास्ती घेऊन कामाला बसतेय.

तांबडा_रस्सा

केबल बदला आधी. ४के आणि ५ मीटर म्हटल्यावर दुसरं काही बघायचीच गरज नाही. माझं असंच होतं, दीड मीटरची आणली, विषय संपला.

खडूफळा

ताई, केबलवर माझाही संशय आहे पण लगेच पैसे घालू नका, आधी घरच्या घरी होणाऱ्या तपासण्या करू. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, चाळीस मॉनिटर रोज नजरेखालून जातात, आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो "काळा झाला" एवढंच ऐकून दुरुस्ती सुरू केल्यामुळे. काळं होणं तीन-चार प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

पहिलं म्हणजे काळा होतो तेव्हा लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन बघा. ती पण त्याच क्षणी गेली तर ड्रायव्हर किंवा ग्राफिक्सचं प्रकरण आहे, आणि मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, "डिस्प्ले" या नावाने ४१०१ नंबरची नोंद सापडायला हवी, ड्रायव्हर अडकला आणि परत सुरू झाला अशा अर्थाची. लॅपटॉपची स्क्रीन शाबूत राहिली आणि तशी नोंदही नसली तर ड्रायव्हरवरचा संशय जवळजवळ काढून टाका.

दुसरं, मॉनिटरचा छोटा दिवा. काळा असताना तो चालू रंगातच राहतो, की स्टँडबायचा रंग होतो, की पूर्ण विझतो? पूर्ण विझून कंपनीचा लोगो परत आला तर वीज तुटतेय, म्हणजे अडॅप्टर, प्लग किंवा बोर्ड. दिवा चालूच राहिला आणि स्क्रीनच गेली तर एक तर सिग्नल तुटतोय किंवा मागचा बॅकलाइट जातोय. बॅकलाइट ओळखायला मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा, आत अंधुक खिडक्या, अक्षरं दिसली तर चित्र येतंय पण उजेड गेलाय, तेव्हा मात्र दुकानदार बरोबर. तुमचा तीनच सेकंद जातो म्हणून टॉर्च हाताशी ठेवावा लागेल, एकदा जमलं तरी पुरे.

तिसरं, केबलचा निकाल फुकटात लावता येतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नवीन काढायचं त्याचं, ३० करा. ४के ६० हर्ट्झला केबलमधून सेकंदाला १७.८२ गिगाबिट जातात आणि एचडीएमआय २.० ची हद्दच १८ आहे, म्हणजे केबल अगदी काठावर चालतेय. ३० ला ते निम्म्यावर येतं, ८.९१. माउस थोडा ओढल्यासारखा वाटेल पण एक दिवस सहन करा. ३० वर त्रास पूर्ण थांबला तर केबलच.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एक वही ठेवा. काळा झाला की वेळ लिहा आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं ते लिहा, फ्रिज सुरू झाला, मिक्सर लावला, पंप लावला, फोन आला, काहीही, क्षुल्लक वाटलं तरी. दोन दिवसांची वही इथे टाका.

सागरगोटा

रत्नागिरीहून. माझा अनुभव सांगतो कारण तो दिव्यातच सापडला होता. माझा मॉनिटर जायचा तेव्हा दिवा पूर्ण विझायचा आणि परत येताना लोगो दिसायचा, म्हणजे खडूफळा सर म्हणतात तसं वीजच तुटत होती. विहिरीचा पंप लावला की हमखास. दोन महिने मी पंपाला, व्होल्टेजला दोष देत होतो, स्टॅबिलायझरची चौकशीसुद्धा करून आलो, आणि शेवटी निघालं काय तर एक्स्टेन्शन बोर्डातली भोकं सैल झाली होती, प्लग नुसता टेकलेला असायचा. पंप सुरू होताना व्होल्टेज जरा पडायचं, एरवी चाललं असतं, पण त्या सैल जागी आधीच मार खाल्लेला असायचा. प्लग काढून बघितला तर एक पिन तपकिरी पडलेली, प्लास्टिक वितळायला आलं होतं. तुमचा प्लग एकदा काढून पिना नीट बघा, गरम लागत असेल तर तो बोर्ड आजच बंद करा, मॉनिटर राहू दे बाजूला.

अक्षरजुळणी

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस अगदी सांगितलं तसं केलं.

लॅपटॉपची स्क्रीन एकदाही गेली नाही. ४१०१ शोधलं, नाही सापडलं. मॉनिटरचा दिवा निळाच राहतो, फक्त एकदा क्षणभर नारिंगी झाल्यासारखा वाटला. टॉर्च एकदा बरोबर वेळेवर मारता आला, आत काहीच दिसलं नाही, पूर्ण काळं. प्लगच्या पिना स्वच्छ आहेत, गरम लागत नाही.

३० हर्ट्झवर कमी झालं पण थांबलं नाही, आठ-दहाचं तीन-चारवर आलं.

आणि ही वही, पहिल्या दिवसाची, ६० हर्ट्झवर असतानाची :

१०.५० कुरिअरवाला आला, बेल वाजली
११.१५ काही नाही, फोनवर बोलत होते
१२.२० कुकरची तिसरी शिट्टी
१२.२२ परत एकदा
१.४० दुधाची बेल
४.०५ काही नाही
४.३० शेजारच्या काकू आल्या, बेल
५.१० बेल, पत्रिकेचं गिऱ्हाईक
६.४५ दिवे लावायची वेळ, काही विशेष नाही

आता मला असं वाटायला लागलंय की आमच्या दाराच्या बेलचाच काहीतरी संबंध आहे. बेलची वायर त्याच भिंतीतून जाते जिथून माझी केबल जाते. असं होऊ शकतं का? बेल काढून बघू का?

खडूफळा

वही फार छान ठेवलीत. बेलचा संशय चुकीचा नाहीये, जुन्या ट्रिंग ट्रिंग बेलमध्ये आत ठिणगी पडते आणि शेजारून जाणाऱ्या केबलला तिचा त्रास होऊ शकतो. पण कुकरची शिट्टी? तिला तर वायर नाही.

मला वहीत दुसरंच दिसतंय. बेल वाजली की तुम्ही काय करता? उठता. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करायला उठता, आणि १२.२२ ला परत येऊन बसलात. दिवे लावायला उठलात. फोनवर बोलताना पण आपण बरेचदा उठून फेऱ्या मारतो. एक विचारतो, तुमची खुर्ची कसली आहे? खालून गॅसवर वर-खाली होणारी, चाकांची आहे का, आणि कधी घेतली?

आता एवढं करून बघा. घरातल्या कोणालातरी दहा वेळा बेल वाजवायला सांगा आणि तुम्ही जागेवरून हलू नका. मग बेल न वाजवता तुम्ही दहा वेळा उठा-बसा, नेहमी उठता तशाच, घाईत. दोन्हीचा हिशोब लिहा.

अक्षरजुळणी

सर, मला अजून विश्वास बसत नाहीये.

मुलाला दाराशी उभं केलं, त्याने दहा वेळा बेल वाजवली, मी हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसले, एकदाही गेला नाही. मग उठा-बस केली. दहात सहा वेळा गेला!! उठताना चार आणि बसताना दोन. मुलगा बसला तेव्हा पण झालं, त्याच्या अंगावर लोकरीचा स्वेटर होता आणि त्याच्या वेळेला खुर्चीच्या दांड्याला हात लागला तर चटकासुद्धा बसला.

खुर्ची चाकांचीच आहे, गॅसवर वर-खाली होणारी, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीच आणली, माझी पाठ दुखते म्हणून मुलाने स्वतःच्या पगारातून घेतली. त्याआधी मी लाकडी खुर्चीवर उशी घेऊन बसायचे. खुर्चीला वायर नाही, ती कशालाच जोडलेली नाही, मग मॉनिटर कसा बंद पडतो?

खडूफळा

सापडलं ताई. हे जगभरात अनेकांना झालेलं आहे, डिस्प्लेलिंक नावाची कंपनी जी डॉकच्या (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे जोडायच्या डब्याच्या) चिप बनवते तिच्या सपोर्टच्या पानावर चक्क लिहिलंय की गॅसच्या खुर्चीवरून उठता-बसताना मॉनिटर क्षणभर जाऊ शकतो.

होतं असं. आपण बसलेलो असतो तेव्हा कपडे आणि खुर्चीचं कापड घासून दोन्हीवर चार्ज साठतो, लहानपणी कंगवा केसात फिरवून कागदाचे कपटे उचलायचो तेच. उठलं की तो चार्ज खुर्चीच्या लोखंडी भागांमध्ये, दांडी, नळी, खालचा पाय, यांच्यामध्ये कुठेतरी उडी मारतो. ठिणगी इतकी छोटी की दिसत पण नाही, पण तिच्यातून जो झटका हवेत जातो तो रेडिओच्या खरखरीसारखा असतो, आणि तुमची ५ मीटरची केबल म्हणजे त्या खरखरीला पकडायला लावलेली लांबलचक एरियल. सिग्नल आधीच काठावर, त्यात ही खरखर घुसली की मॉनिटरचा ताल चुकतो. मग तो सिग्नल सोडतो, परत शोधतो, परत जुळवून घेतो, यातच तुमचे ते दोन-तीन सेकंद जातात. ३० हर्ट्झवर केबलला दम घ्यायला जागा मिळाली म्हणून कमी झालं पण गेलं नाही, कारण खरखर तिथेच होती.

अकोल्यात जानेवारी ते मार्च हवा कोरडी, चार्ज साठायला एकदम सोयीची. सागरगोटा यांच्या रत्नागिरीत हीच खुर्ची असती तर दमट हवेत चार्ज आपोआप झिरपून गेला असता, बहुधा कधी कळलंच नसतं.

उपाय सांगतो. खुर्ची टाकू नका, पाठ महत्त्वाची. लॅपटॉप टेबलाजवळ आणता आला तर दीड-दोन मीटरची केबल पुरेल, घेताना खोक्यावर "प्रीमियम हाय स्पीड" असा छापील शिक्का आणि स्कॅन करायचा चौकोनी कोड आहे का बघा, तो १८ गिगाबिटला तपासलेल्या केबललाच मिळतो. नुसतं "२.० केबल" असं लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, तसा केबलचा प्रकारच नाही. आणि केबलच्या टोकाशी काळा गोळा असतो ना, फेराइटचा, तो चिमट्यासारखा उघडणारा सुटा पण मिळतो, मॉनिटरच्या जवळ एक बसवा. तांबडा_रस्सा यांचं म्हणणं शेवटी खरं ठरलंच, केबल बदलायचीच आहे, फक्त आता का बदलायची ते माहितीये.

फेज_न्यूट्रल

ताई मी तीस वर्षं वायरिंगची कामं करतो, तुमच्या मुलाला चटका बसला हे वाचून लिहितोय. खुर्चीचा चटका वेगळा, एकदाच चट् होतो आणि संपतो. पण मला एक सांगा, लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्यावर किंवा मॉनिटरच्या मागच्या लोखंडी स्टँडवर बोटाची मागची बाजू हलकी फिरवली तर झिणझिण्या लागतात का? सतत लागत असतील तर बहुधा टेबलाच्या बोर्डाला अर्थिंग नाही.

आपल्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड बघाल तर भोकं तीन असतात आणि आत वायर दोनच येतात. दिसायला थ्री पिन, कामाला टू पिन. मग मॉनिटरच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाटच नाही, तो एचडीएमआयच्या वायरवरून लॅपटॉपकडे जायला बघतो. करंट अगदी कमी असतो, त्याने माणूस मरत नाही, पण केबलच्या बाहेरच्या जाळीचं काम असतं खरखर जमिनीत नेऊन सोडायचं, ती जाळीच लोंबकळत असेल तर चांगली केबल पण अर्धंच काम करेल. आणि उद्या आत काही शॉर्ट झालं तर मग ते कमी राहणार नाही, म्हणून हे खुर्चीपेक्षा जास्त महत्त्वाचं समजा.

तपासायला ओळखीचा वायरमन बोलवा, स्वतः करू नका. तो टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये लावेल, मग फेज आणि अर्थमध्ये लावेल, दोन्हीकडे उजेड सारखा पाहिजे. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर दुसऱ्या वेळेला तो ट्रिप होईल, घाबरू नका, ट्रिप झाला म्हणजे अर्थ पोचतोय. एक गोष्ट मात्र कोणीही सांगितली तरी करू देऊ नका, न्यूट्रलमधूनच तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडायचा. काही लोक असं करून पैसे घेऊन जातात. न्यूट्रल कुठे सुटला तर मॉनिटरच्या अख्ख्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील.

आणि केबल काढताना-घालताना दोन्ही उपकरणांचे प्लग आधी काढत जा. अर्थिंग नसताना चालू मशीनला एचडीएमआय खुपसून पोर्ट गेलेले मी बघितलेत.

उंबरठा

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझाही मॉनिटर जातो पण मी टाइप-सी हबमधून जोडलाय आणि खुर्ची प्लास्टिकची आहे. सुरुवातीला ठीक असतो, अर्ध्या-पाऊण तासाने जायला लागतो. हेच असेल का?

खडूफळा

उंबरठा, तुमचं वेगळं वाटतंय. अर्ध्या तासाने म्हणजे तापण्याशी संबंध, हबला हात लावून बघा. एकाच हबमधून चार्जिंग, हार्ड डिस्क आणि ४के मॉनिटर असेल तर चार्जर थेट लॅपटॉपला लावून बघा, हार्ड डिस्क काढून बघा. लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय असेल तर एक दिवस हब वगळून थेट जोडा, त्यात कळेल. नाही सुटलं तर नवीन धागा काढा, इथे गोंधळ होईल.

अक्षरजुळणी

बारा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा, दोन शाळांच्या प्रश्नपत्रिका एकदम आल्या होत्या.

काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. लॅपटॉपला झिणझिण्या लागायच्या, मला वाटायचं सगळ्यांच्याच लॅपटॉपला लागतात. वायरमनने बोर्ड उघडला तर आत लाल आणि काळी दोनच वायर, तिसऱ्या पिनेचा स्क्रू कोरा करकरीत, त्याला कधी वायर लागलीच नव्हती. भिंतीतल्या सॉकेटपर्यंत अर्थ व्यवस्थित होता, बोर्डाची वायरच टू कोअर. त्याने तीन वायरची जाड वायर टाकली, हिरवी मी स्वतः उभी राहून लावून घेतली, आणि त्याने न्यूट्रलचा तुकडा वगैरे काही केलं नाही. झिणझिण्या गेल्या.

एक एक करून बदललं म्हणजे कशाने काय झालं ते कळेल, म्हणून क्रम सांगते. आधी दोन दिवस जुनी लाकडी खुर्ची घेतली, बाकी सगळं तेच, ६० हर्ट्झ : एकदाही नाही. मग परत चाकांची खुर्ची, अर्ध्या दिवसात चार वेळा. मग लॅपटॉप फडताळातून टेबलाखालच्या खणावर आणला आणि दीड मीटरची शिक्कावाली केबल लावली, खुर्ची चाकांचीच : दोन दिवसांत एकदा. मग अर्थिंग झालं, तेव्हापासून सात दिवस एकदाही नाही. काळा गोळा अजून मिळाला नाही, इथल्या दुकानात कोणाकडे नव्हता.

फक्त एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, मधे दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, हवा दमट होती, त्यामुळे अर्थिंगने गेलं की पावसाने ते मी ठाम सांगू शकत नाही. आता परत ऊन पडलंय आणि वही चालूच ठेवलीय.

दुकानदाराला मॉनिटर दिला असता तर तीन आठवड्यांनी तोच मॉनिटर परत आला असता आणि परत त्याच खुर्चीवरून काळा झाला असता, हा विचार करून मला आजही कसंतरी होतं. सर, तुम्ही "उठता तेव्हा काय" हे विचारलं नसतं तर मी बेल काढून टाकली असती.

फेज_न्यूट्रल

छान झालं. एक राहिलं, अर्थिंगचा खड्डा घराबाहेर कुठे आहे ते बघून ठेवा. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे जमीन भेगाळते, माती सुकली की अर्थ कमजोर पडतो. आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी टाकत जा.

अक्षरजुळणी

तुळशीच्या मागेच आहे काका, वर फरशीचा तुकडा ठेवलेला असतो, इतकी वर्षं मला वाटायचं पाण्याचा मीटर आहे. उचलून बघितला, आत ठणठणीत कोरडं. आत्ताच एक बादली ओतून आले.